हमी कुठाय?

यवतमाळ
श्रावणाचा पहिला आठवडा

चि. भाचीस,


तुझं पत्र आणि कॉलेजचा वार्षिकांक एकाच पाकिटातून आले. मी अंक आधी उघडला, पत्र मागून वाचलं, म्हणून तुझी कविता माझ्याकडून दोनदा वाचून झाली. पहिल्यांदा दिसलं ते कापसाचं शेत, फुटलेली बोंडं, वेचणीला वाकलेल्या बाया आणि गरजेपेक्षा जरा जास्तच चांदणं. मग पत्रात तू गुपित फोडलंस, तेव्हा ओळींची पहिली अक्षरं बोटानं वरून खाली वाचत गेलो आणि एकटाच मोठ्यानं हसलो. काय झालं म्हणून तुझी मामी स्वयंपाकघरातून पाहायला आली.

मूळ कवितेला सात ओळी होत्या. त्यांची आद्याक्षरं जुळवली की 'हमीभाव कुठाय' असं निघायचं. संपादक सरांनी जागा नाही म्हणून तिसरी आणि चौथी ओळ उडवली, आणि छापून आलं ते 'हमी कुठाय'. अंक हातात पडला तेव्हा तुला रडू आलं म्हणतेस. मला विचारशील तर सरांच्या कात्रीनं, त्यांच्याही नकळत, तुझी कविता सुधारली. भावाचा प्रश्न तर दर दिवाळीला पेपरात असतोच. पावसाची, बियाण्याची, नोकरीची, कशाची हमी उरली आहे आपल्या जिल्ह्यात?

पण तुझं दुःख कात्रीचं नाही, हे मला कळतं. दोन महिने झाले, अंक घरोघरी गेला, मैत्रिणींनी कविता 'छान' म्हटली, आणि आत काही दडलंय याचा एकाही माणसाला पत्ता लागला नाही. आता तू मला विचारतेस, चीनमधले कवी सरकारच्या डोळ्यांत धूळ फेकून कवितेत अर्थ दडवतात, तसं लपवायचं कसं ते शिकवा मामा. बेटा, तू आधीच इतकं लपवलंस की कुणालाच सापडलं नाही. आता आणखी काय शिकवू?

चीनचं म्हणशील तर तुझ्यासारखीच करामत तिथं एकदा झाली होती. २० मार्च १९९१ ला तिथल्या सत्ताधारी पक्षाच्या 'पीपल्स डेली' या मुखपत्राच्या परदेशी आवृत्तीत एक कविता आली. दिव्यांचा सण, घरापासून दूर असलेला विद्यार्थी, मायदेशाची ओढ, सगळं कसं साजरं. संपादकांना त्यात वावगं काही दिसलं नाही. मग कुणीतरी ती आडवी न वाचता तिरकी, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात वाचली, तर पंतप्रधान ली फंग यांनी खुर्ची सोडून लोकांचा संताप शमवावा, असा अर्थ निघाला. तिआनमेन चौकातल्या गोळीबाराला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

ही गोष्ट गाजली ती अक्षरं जुळवण्याच्या हुशारीमुळे नाही. खुद्द पक्षाच्या पेपरात, पक्षाच्याच शाईनं ती छापली गेली, यात तिची सारी मजा होती. कोडं सुटलं आणि तिचं काम संपलं. आज ती कविता म्हणून कोण वाचतं? सुटलेलं शब्दकोडं दुसऱ्या दिवशी पुडी बांधायला जातं. तुझ्या अंकाच्या मलपृष्ठावर तर जिनिंगवाल्याची जाहिरात आहे. त्या पानांत दडवलेलं सापडलं असतं तरी फार तर सरांना एक फोन गेला असता.

मी तुला चीनपेक्षा जवळची गोष्ट सांगतो. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. आमच्या गावचा पोळा. तोरण बांधलेलं, बैलांच्या शिंगांना बेगड, पाठीवर झुली, डफड्याचा कल्लोळ. पाटलाची मानाची जोडी पुढे, मागे ऐपतीप्रमाणे बाकीच्यांच्या. तोरण तुटायच्या आधी झडत्या, आपली ती पोळ्याची गाणी, सुरू झाल्या. तू त्या ऐकल्या आहेस. पण कान देऊन ऐकल्या नसशील, कारण आता डीजेपुढे त्या ऐकू येत नाहीत. आधी देवाचं नमन, मग हळूच गाडी वळते ती गावातल्या माणसांवर, भावावर, सरकारवर, आणि शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. त्या गजरात बोललेलं सगळं धुऊन निघतं.

त्या वर्षी एका म्हाताऱ्यानं एका बैलाची झडती रचली होती. शब्द मला आठवत नाहीत. मतलब एवढाच, की एक बैल आहे, गावभरची सरकी-ढेप खातो, अंगानं चकचकीत आहे, पण त्याच्या मानेवर जू कधी कुणी पाहिलं नाही. बस्, एवढंच. गावचा सावकार तिथंच, पाटलाच्या शेजारी खुर्चीवर बसलेला. अर्ध्या गावाच्या शेताचे कागद त्याच्या पेटीत. माणसं आधी गप्प झाली. मग सावकारच सगळ्यांत मोठ्यानं हसला, आणि त्याच्यामागून गाव.

तो का हसला, हे मला पुढे पंचवीस-तीस वर्षं शिकवता शिकवता उमगलं. त्याला कळलं नव्हतं असं नाही, त्याला तर सगळ्यांच्या आधी कळलं होतं. पण न हसावं तर तो बैल मीच, हे आपल्या तोंडानं कबूल करावं लागलं असतं. म्हाताऱ्यानं झडती रचताना स्वतःला पळवाट ठेवली होती, तशीच सावकारालाही ठेवली होती. 'मी तर बैलाबद्दल बोललो' असं एकाला म्हणता येत होतं, आणि 'हो हो, बैलच तो' असं दुसऱ्याला. लेकी बोले सुने लागे ही म्हण तुझी आजी दिवसातून चारदा वापरायची, तिच्यातही हेच आहे. सुनेला लागलंच पाहिजे. नाही लागलं तर बोलणं फुकट गेलं. फक्त लागलं असं तिला म्हणता येऊ नये, एवढीच तजवीज.

तेव्हा एक गोष्ट पक्की धर. पांघरलेला अर्थ म्हणजे गुपित नव्हे. तो सगळ्यांना ठाऊक असतो. त्याला पांघरूण असतं ते दोन्ही बाजूंना न समजल्याचं सोंग घेता यावं म्हणून. जात्यावरच्या ओव्यांत सासरचं गाऱ्हाणं विठ्ठलाला सांगणाऱ्या बाईचा आवाज माजघरात सासूला ऐकू जातच होता. तुझ्या कवितेत पांघरूण फार जाड झालं आणि खाली माणूसच उरला नाही.

आता हे सोंग किती दिवस टिकतं, ते पाहा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे 'केसरी'तले सहकारी. त्यांचं 'कीचकवध' नाटक १९०७ साली रंगभूमीवर आलं. महाभारताची गोष्ट, विराटाचा दरबार, सैरंध्री झालेली द्रौपदी, तिच्यावर नजर ठेवणारा मस्तवाल कीचक. प्रेक्षकांत बसलेल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं की कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे आपला देश, सबुरीनं घ्या म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल. मला यातली सगळ्यांत सुरेख गोष्ट वेगळीच वाटते. पांडव तेव्हा अज्ञातवासात आहेत. बल्लव झालेला भीम, बृहन्नडा झालेला अर्जुन. वेश पालटलेल्या माणसांवरचं नाटक स्वतःच वेश पालटून उभं होतं. खाडिलकरांनी कथा शोधली ती नुसती सोयीची नव्हती. तिच्या हाडामांसातच लपण्याचं दुःख आणि संताप होता.

कर्झन १९०५ मध्येच विलायतेला परतला होता, तरी नाटक धो-धो चाललं. मग सरकारला ते सोंग परवडेनासं झालं. १९१० साली नाटकावर बंदी आली. त्या काळच्या इंग्रजी लेखकांनी या नाटकावर लिहिलंय ते वाच कधीतरी. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्या 'इंडियन अनरेस्ट' या त्याच वर्षीच्या पुस्तकात त्याची दखल आहे. एका मराठी पौराणिक नाटकाला साम्राज्यानं एवढं मनावर घ्यावं, हेच केवढं मोठं प्रशस्तिपत्र. पण बंदी आली याचा अर्थही समजून घे. सावकार हसायचा थांबला. हो, तो बैल मीच, आणि आता बोललास तर पाहतो, असं त्यानं उठून सांगितलं.

शिवरामपंत परांजपे यांचं असंच झालं. पुण्यात १८९८ पासून त्यांचं 'काळ' साप्ताहिक निघायचं. इंग्रजी राज्याची अशी तोंडभर स्तुती करायचे की वाचणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा. व्याजोक्ती म्हणजे काय ते मुलांना शिकवताना मी नेहमी त्यांचंच नाव घ्यायचो. १९०८ साली राजद्रोहाचा खटला झाला, १९ महिन्यांची सक्तमजुरी. पुढे त्यांच्या निबंधांचे संग्रहही जप्त झाले.

नाशिकचा खटला मात्र तू नीट समजून घ्यावास असा आहे. कवी गोविंदांच्या कवितांची एक छोटी पुस्तिका बाबाराव सावरकरांनी प्रसिद्ध केली होती, 'लघु अभिनव भारत माला'. कवितांत देव, दैत्य, पुराणातली युद्धं, शिवाजी महाराज. १९०९ च्या जूनमध्ये बाबारावांना जन्मठेप, काळं पाणी. अपील मुंबई उच्च न्यायालयात गेलं. सगळा खटला कशावर उभा होता म्हणशील? पुराणातल्या देवाचं नाव घेणं म्हणजे देवाचंच नाव घेणं की आणखी काही, या काव्यशास्त्राच्या प्रश्नावर. अपील ऐकणाऱ्यांत न्यायमूर्ती सर नारायण गणेश चंदावरकर होते. प्रार्थना समाजाचे धुरीण, १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, भक्तिकाव्याचे रसिक. या कवितेत देवांची आणि वीरांची नावं केवळ निमित्ताला आहेत, खरा रोख चालू सरकारविरुद्ध युद्ध पुकारण्यावर आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. अपील फेटाळलं गेलं.

मी वर्गात हा खटला सांगायचो तेव्हा मुलं चंदावरकरांवर चिडायची. मी म्हणायचो, थांबा रे. निकाल कठोर आहे, चार कवितांना काळं पाणी ही शिक्षा तर अमानुषच. पण वाचक म्हणून त्यांचं काय चुकलं? कवितेचा अर्थ त्यांनी बरोबरच लावला होता. गोविंदांना जे म्हणायचं होतं तेच त्यांनी ऐकलं. कवीचा उत्तम रसिक आणि त्याच्या शिक्षेवर शिक्कामोर्तब करणारा न्यायाधीश एकाच खुर्चीत बसला होता. ज्या अर्थाला हजार माणसं टाळी देतात, तो अर्थ एक हजार एकाव्या माणसालाही कळतो, आणि तो कधीकधी खुर्चीत असतो. यावर उपाय नाही. हे ज्याला पत्करायचं नाही त्यानं पांघरूण घेऊनही लिहू नये.

याच्या उलटी तऱ्हाही असते, आणि ती मला जास्त भीतीदायक वाटते. चीनमध्ये सू शी नावाचा थोर कवी होऊन गेला. १०७९ साली त्याला धरून आणलं, कारण विरोधकांनी त्याच्या कवितांच्या ओळीओळीतून दरबारी धोरणांची टवाळी वेचून काढली होती. चारेक महिने कैदेत राहिला, मग दूर ह्वांगचौला हद्दपारी. तिथं पोटासाठी त्यानं गावाच्या पूर्वेच्या उतारावर शेती केली आणि त्या उतारावरूनच 'तुंगफो' हे नाव घेतलं. त्याची उत्तम रचना त्या हद्दपारीतली आहे. त्याच्या बाबतीत निदान ओळींत थोडी टवाळी खरोखर होती. पुढे छिंग घराण्याच्या राज्यात तेही लागेनासं झालं. 'छिंग' या शब्दाचा साधा अर्थ निर्मळ, स्वच्छ. एका विद्वानानं निर्मळ वाऱ्यावर काही लिहिलं, तर तो राजघराण्याची निंदा करतो असं ठरवून त्याचा जीव घेतला. लपवण्याची सवय एकदा लागली की शोधण्याचीही लागते, आणि मग वारा हा वारा राहत नाही. वाचणाऱ्याला दर ओळीखाली काहीतरी दिसू लागतं. तुझ्या कवितेतलं ते जास्तीचं चांदणं आठव. उद्या कुणी म्हणेल, चांदणं म्हणजे अमुक पक्षाचं चिन्ह. काय उत्तर देशील?

आता घरची गोष्ट, म्हणजे अगदी आपल्या यवतमाळची. शारदाश्रमाचं नाव तू ऐकलं असशील. तो ज्यांनी उभा केला ते य. खु. देशपांडे पेशानं वकील, पण आयुष्य त्यांनी जुन्या पोथ्यांत घालवलं. १९२५ साली त्यांचं 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे पुस्तक निघालं. महानुभाव पंथाचं हे वाङ्मय म्हणजे आपल्या भाषेचं पहिलं गद्य. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या इथून जवळच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, तेराव्या शतकात. आणि हे सगळं सहाशे वर्षं बाकीच्या मराठी माणसांपासून जवळजवळ नाहीसं झालं होतं. कारण ते लिपीत लपवलेलं होतं. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंकलिपी अशा कितीतरी सांकेतिक लिप्या पंथानं केल्या. सकळ लिपी रवळोबासांनी तयार केली असं मानतात. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. किल्ली ठाऊक असेल त्यालाच वाचता यावं.

त्यांनी असं का केलं, यावर विद्वानांचं एकमत नाही. पवित्र ग्रंथ परक्याच्या हाती पडून विटंबना होऊ नये, विरोधकांच्या हाती कोलीत मिळू नये, परचक्रात जपून राहावा, कारणं सगळी पटण्यासारखी आहेत. लिपीनं पोथ्या जपल्याही. पंथ पंजाबात, पार काबूलपर्यंत गेला तेव्हा मराठी पोथ्या सोबत गेल्या आणि टिकल्या. पण किंमत बघ काय पडली. याच पंथाच्या नागदेवाचार्यांनी, संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशवराजाला अडवलं होतं. असं केल्यानं माझ्या म्हाताऱ्या बाया वंचित होतील, असं त्यांचं म्हणणं. साध्या बायांना कळावं म्हणून ज्यांनी मराठी धरली, त्यांच्याच वारसांनी ती मराठी अशी कुलपात घातली की बाहेरच्या म्हाताऱ्या सोड, पंडितांनाही वाचता येईना. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी संकेत उलगडला, महंतांनीही हळूहळू किल्ल्या दिल्या, मग भावे, देशपांडे आणि पुढे वि. भि. कोलते यांनी ते वाङ्मय उजेडात आणलं. तोवर मराठी गद्याचा आरंभ कुठला, याबद्दल शाळेत काय काय शिकवलं जात होतं देव जाणे. कागद टिकला, वाचक तुटला. आज त्याच रिद्धपुराला मराठी भाषेचं विद्यापीठ आहे, हा काळाचा न्याय म्हणायचा की चेष्टा, तूच ठरव.

तुझी आद्याक्षरांची युक्ती आणि सकळ लिपी एकाच कुळातल्या. दोन्हींत अर्थ अक्षरांत दडतो. कविता नुसती पेटी. कीचकवधात आणि त्या म्हाताऱ्याच्या झडतीत पेटी नाही. तिथं गोष्टच दुहेरी आहे. कर्झन विसरला गेला तरी द्रौपदीचा अपमान अपमानच राहतो. सावकार मेला, त्याचं घर पडलं, पण न ओढता खाणारा बैल अजून गावोगाव आहे.

आता तुला एक प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला नको, तुझं तुला दे. तू नेमकं कुणापासून लपवलंस? सरकारपासून? हमीभाव मागितला म्हणून कुणी तुला धरून नेणार नव्हतं. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हा आकडा सरकारनंच जाहीर केलेला. तो कुठाय असं विचारणं यात राजद्रोह कसला? मला वाटतं, तुझी भीती अंकाच्या मलपृष्ठावर होती. ज्यानं जाहिरात दिली त्याच्याच काट्यावर भाऊजींचा कापूस जातो, आणि खरिपाला उसनवार लागली तर त्याच्याचकडून येते. मी तुला भित्री म्हणणार नाही. दिल्लीवर कविता लिहायला फार धैर्य लागत नाही, दिल्ली लांब आहे. ज्याच्याकडे बाप रांगेत उभा राहतो त्याच्यावर लिहिताना हात कापतो, तो खरा हात. माझाही कापला होता. नोकरीत असताना एका लेखातलं एक नाव मी स्वतःच खोडलं, कुणी सांगायच्या आधी. लेख छापून आला, सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मला तो कात्रणाच्या वहीत चिकटवावासा वाटला नाही.

म्हणजे पांघरूण न घेताच बोलावं का? कधीकधी, हो. दुर्गाबाई भागवत १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री, शेजारी. आणीबाणीला विरोध करणारे जयप्रकाश नारायण तेव्हा मूत्रपिंडाच्या आजारानं मुंबईत जसलोक रुग्णालयात. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. आता आजारी माणसाला आराम पडो म्हणण्यावर कोणता सेन्सॉर कात्री चालवेल? तरी मांडवातल्या प्रत्येकाला कळलं. याला पांघरूण म्हणायचं की उघडेपणा? मला तरी इतकं पारदर्शक वस्त्र दुसरं माहीत नाही. पुढच्या वर्षी बाईंना अटक झालीच.

आणि आपलं यवतमाळ. जानेवारी २०१९ मधलं ब्याण्णवावं संमेलन. तू आठवीत असशील, मी मांडवात होतो. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण ऐन वेळी मागे घेतलं गेलं. त्यांचं न झालेलं भाषण मराठीत होऊन घरोघरी वाचलं गेलं. झालं असतं तर इतक्यांनी वाचलं नसतं. काही बायका त्यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून समोर बसल्या. मुखवटा चेहरा झाकायला असतो, तिथं तो दाखवायला होता. आणि उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर संसार एकटीनं ओढणाऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या बाईनं. अडीनडीला दिल्लीची नव्हे, गल्लीचीच बाई कामी येते, अशा अर्थाचं त्या बोलल्या. मांडवभर हशा आणि टाळ्या. पण त्या एका वाक्यात किती जणांना किती जागी लागलं असेल, मोजून बघ. अलंकारशास्त्राचं पुस्तक त्यांनी उघडलं असेल असं मला वाटत नाही.

म्हणून तुला युक्ती सांगायचीच तर एकच सांगतो. संकेत बाहेरून आणू नकोस, धंद्याच्या बोलीत तो आधीच पडलेला असतो. भाऊजींबरोबर यंदा खरेदी केंद्रावर जा. गाडीत ते यंत्र खुपसून कापसातला ओलावा मोजतात ना? आठ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात, बाराच्या वर गेला की गाडी परत. आता 'ओलावा' हा शब्द जिभेवर घोळव. आपल्या भाषेत तो कापसातही असतो आणि माणसातही. कापसात किती चालतो याचा टक्का ठरलेला आहे. घेणाऱ्याच्या काळजात किती हवा, त्याचं यंत्र निघालेलं नाही. यात मी काही लपवलं का? अक्षर इकडचं तिकडे केलं का? तरी काट्यावरच्या माणसाला ऐकवून बघ, तो हसेल. मोठ्यानं हसेल.

आणि दोन बारीक गोष्टी. लपवून लिहिलंस तरी खाली पूर्ण नाव घाल. टोपणनाव आणि पांघरूण दोन्ही एकदम घेतलं की वाचणाऱ्याला विश्वास ठेवायला काहीच उरत नाही. आणि जे लिहिशील त्याची एक सरळ, उघडी प्रत वहीत ठेव, काय म्हणायचं होतं ते साध्या शब्दांत. किल्ली महंतांबरोबर जाऊ नये.

पोळ्याला मी गावी येतोय. खांदशेकणीच्या दिवशी दुपारच्या एसटीनं पोचतो, भाऊजींना सांग, बैलांच्या मानेला तूप-हळद माझ्या हातची लागू दे. तोरणाखाली झडती पुरुषच म्हणतात, हे मला ठाऊक आहे. बाईनं म्हणू नये असं कुठं लिहिलेलं मी तरी वाचलं नाही, आणि मी बरंच वाचलंय. ओलाव्याची झडती तोवर लिहून ठेव. तुला म्हणायची नसेल तर मी म्हणेन, पण तुझं नाव सांगून म्हणेन. जिनिंगवाले त्या दिवशी पहिल्या खुर्चीवर असतात.

उडवलेल्या त्या दोन ओळीही पाठव. 'भा' आणि 'व' पासून काय सुरू केलं होतंस ते मला पाहायचंय.

तुझा,
मामा